अर्ध्यावर सुटलेली शाळा
कागलच्या आनंद यादवांची ‘झोंबी’ आपणांपैकी अनेकांनी वाचली असेल. शेतीच्या कामासाठी वडिलांनी शाळेतून काढलेला मुलगा शिकण्यासाठी घरच्यांशीच झुंजतो, अशी ती आत्मकथा. याच कागलच्या घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. तरीही पुढे कित्येकांची, विशेषतः मुलींची, शाळा अर्ध्यावरच सुटली. आज सत्तरी ओलांडलेल्या ज्यांच्या मनात ती रुखरुख आहे, त्यांनी हातातल्या मोबाइलकडे करमणुकीपलीकडे पाहावे.

उतारवयात शिकण्याची शक्ती संपत नाही, गती मंदावते. यूट्यूबवरील व्याख्यानाची गतीही पाऊणपट करता येते! सेटिंगमध्ये जाऊन अक्षरे मोठी करून घ्यावीत. बोटे थरथरत असतील तर कळफलकावरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलावे. शब्द आपोआप उमटतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत आकाराला आलेला मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. शरीररचना समजून घेण्यास तो उत्तम. मात्र त्यातील काही नोंदी जुन्या असल्याने उपचार त्यावरून ठरवू नयेत.

खरा धोका व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. ‘हा काढा घ्या, रक्तदाबाची गोळी कायमची सुटेल’ असा संदेश येतो, पाठवणारा ओळखीचा असतो, म्हणून विश्वास बसतो. संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो अनेक हातांतून फिरत आला आहे, असे समजावे. मूळ लेखक पाठवणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतो. गोळी सोडल्यावर वाढलेला रक्तदाब पुष्कळदा जाणवतही नाही, आणि एखाद्या दिवशी थेट पक्षाघातच होतो. असा संदेश पुढे न पाठवता डॉक्टरांना दाखवावा. गोळी तोवर चालूच ठेवावी.

घरातील काळजीवाहकांना एक विनंती. ‘थांबा आई, मीच करून देते’ हे वाक्य प्रेमाचे असले, तरी त्यामुळे आईंचे शिकणे तिथेच थांबते. फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा, चुकीचे बटण त्यांनाच दाबू द्यावे. दिवसाला एकच गोष्ट शिकवावी आणि तिच्या पायऱ्या त्यांच्याच हस्ताक्षरात वहीत लिहून घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी वही उघडून त्या स्वतः करून पाहतील, तेव्हा आपण शेजारी बसावे. हात मात्र मांडीवर ठेवावेत.