गळणारा नळ आणि आपले पांढरपेशे हात



गेल्या वर्षी २२ मार्चला, जागतिक जल दिनाच्या निमित्ताने, आपल्या महाविद्यालयात निबंध स्पर्धा झाली. विषय नेहमीचाच होता, ‘पाणी हेच जीवन’. प्रस्तुत लेखिकेला त्यात दुसरे पारितोषिक मिळाले. निबंधात वाळवंट होते, ध्रुवावरचे बर्फ होते, पुढच्या पिढ्यांविषयीची चिंता होती. परीक्षकांना तो भावला असावा. परंतु एक गोष्ट परीक्षकांना ठाऊक नव्हती, ती आज सांगते. तो निबंध मी वसतिगृहाच्या ज्या खिडकीत बसून लिहिला, त्या खिडकीखाली भांडी घासण्याची मोरी आहे आणि त्या मोरीवरचा नळ तेव्हा जानेवारीपासून गळत होता. मी लिहीत होते आणि नळ टपटपत होता. त्या आवाजाचा मला त्रास होत होता, म्हणून मी खिडकी लावून घेतली आणि निबंध पूर्ण केला!

नळ गळत असल्याची तक्रार आम्ही केली नव्हती असे मात्र नाही. रीतसर अर्ज केला होता. ‘वरील विषयास अनुसरून’ पासून ‘आपली कृपाभिलाषी’ पर्यंत सारे काही त्यात होते. मराठीच्या विद्यार्थिनींनी लिहिलेला असल्यामुळे शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि तेथे विसावला. एका नळासाठी कारागीर येत नाही, चार-पाच कामे साचली की मग बोलावू, असे आम्हाला सांगण्यात आले. त्यात कोणाचा फार मोठा दोष होता असे मला वाटत नाही. कारागिराच्या बाजूने पाहिले तर तेही खरेच आहे. दहा रुपयांच्या वायसरसाठी तो अर्धा दिवस का मोडील?

एके दिवशी सहज एक लिटरची बाटली त्या नळाखाली लावून पाहिली. ती दीड तासात भरली. वसतिगृहाच्या गच्चीवर टाकी असल्यामुळे आमच्या नळाला पाणी चोवीस तास असते, म्हणजे गळतीही चोवीस तास. दिवसाला १६ लिटर. तीन महिन्यांत सुमारे १,४४० लिटर. वर्षभर तसाच ठेवला असता तर ५,८४० लिटर. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. असे साडेतीन नळ गळले की एका माणसाचा दिवसाचा वाटा मोरीतून वाहून गेला असे समजावे.

मी लातूर जिल्ह्यातली. २०१६ च्या उन्हाळ्यात मी शाळेत होते. त्या वर्षी लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, तेव्हा सगळा देश ती गाडी पाहत होता. आमच्या मोरीवरच्या नळासारखे ८६ नळ वर्षभर गळले तर ती अख्खी गाडी रिकामी होते. आपल्या गावात असे ८६ नळ सापडणार नाहीत, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय? पण गाडीचे छायाचित्र येते, नळाचे येत नाही.

आता माझ्या कबुलीकडे येते. तो नळ मला दुरुस्त करता येत होता.

माझे वडील पाणीपुरवठ्यात नळ-फिटर आहेत. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. लहानपणी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाऊन ‘तो पाना दे, हा दोरा धर’ असे करता करता मी नळ उघडायला आणि बसवायला शिकले होते. परंतु महाविद्यालयात प्रवेश घेताना अर्जावर ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘नोकरी’ एवढेच लिहिले. खोटे काही नव्हते, पण खरे दडवण्यापुरते ते पुरेसे होते. उद्या मी पाना घेऊन मोरीवर बसले, तर ‘तुला हे कसे येते?’ असे कोणीतरी विचारणारच. त्या प्रश्नाच्या भीतीने मी तीन महिने गप्प राहिले. म्हणजे १,४४० लिटर पाणी माझ्या अज्ञानामुळे वाया गेले नाही, ते माझ्या लाजेमुळे वाया गेले.

मार्चच्या अखेरीस आण्णा मला भेटायला आले. मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना आत जाता येत नाही, म्हणून ते फाटकाजवळच्या बाकावर बसले. भाकरीचे गाठोडे माझ्या हाती देता देता ते मध्येच थांबले. भिंतीपलीकडून आवाज येत होता.

“किती दिवस झाले गं, गळतोय तो?”

“तीन महिने. अर्ज दिलाय, आण्णा.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “तुला येतं की.”

त्यात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. जाताना ते बाजारात गेले आणि फाटकावर एक पुडी ठेवून गेले. तीत दोन वायसर, थोडा दोरा आणि त्यांच्या पिशवीतला जुना पाना होता. पुढच्या रविवारी मी नळ उघडला. साऱ्या कामाला वीस मिनिटे लागली, आणि त्यातली दहा मिनिटे जमलेल्या मैत्रिणींना बाजूला सारण्यात गेली.

ते काम किती साधे आहे हे कळावे म्हणून सांगते. आपल्या नेहमीच्या पितळी नळात एक छिद्र असते, त्याच्या काठाला बैठक म्हणू. चावी फिरवली की आतला दांडा आट्यांवरून खाली उतरतो आणि त्याच्या टोकाशी असलेली रबराची चकती, म्हणजेच वायसर, त्या बैठकीवर दाबून बसते. ती झिजली किंवा कडक होऊन चिरली की पाणी थांबत नाही. येथे आपण सगळे एकच चूक करतो. नळ गळू लागला की चावी अधिक जोराने आवळतो. तेवढ्यापुरती गळती थांबते, पण बैठकीची धार वायसरमध्ये आणखी रुतते आणि आठ दिवसांनी दुप्पट गळती सुरू होते.

दुखणे ओळखायला वैद्य लागत नाही. तोंडातून थेंब पडत असेल तर वायसर गेली आहे. चावीखालून, दांड्याच्या बाजूने पाणी येत असेल तर आतला दोरा झिजला आहे, नवा दोरा गुंडाळून वरचे नट हलकेच आवळावे. चावी नुसतीच गोल फिरते आणि दांडा हलत नाही, तर चावीचे आतले दाते गेले आहेत, चावी बदलावी. अलीकडचे अर्ध्या फेऱ्यापेक्षाही कमी फिरणारे नळ निराळे असतात. त्यांच्यात रबराऐवजी चिनीमातीसारख्या दोन गुळगुळीत चकत्या असतात आणि तो आतला भाग सबंधच बदलावा लागतो. दुकानात जाताना जुना भाग बरोबर न्यावा, नावे पाठ करण्यापेक्षा ते बरे.

काम करताना आधी टाकीकडून येणारा कॉक बंद करावा आणि नळ उघडून राहिलेले पाणी काढून टाकावे. मोरीच्या भोकावर फडके टाकावे, नाहीतर छोटा स्क्रू नेमका तेथेच जातो. चावी काढावी, मग एका पान्याने नळाचे अंग घट्ट धरून दुसऱ्याने वरचा भाग सोडवावा. दुसरा पाना नसेल तर पक्कड चालते, पण अंग धरायला विसरू नये. ते धरले नाही तर भिंतीतला पाईप पिळला जातो, आणि तो जुना असेल तर आतच तुटतो. जुनी वायसर काढावी, बैठकीवर बोट फिरवून खडा किंवा क्षार असेल तर पुसावा, नवी वायसर बसवावी आणि उलट क्रमाने सारे जोडावे. बैठकच खाचली असेल किंवा आटे गेले असतील तर मात्र आपले शहाणपण तेथे थांबवावे आणि जाणत्याला बोलवावे.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण प्रत्येकाने आपापला नळ दुरुस्त केला तर कारागिरांच्या पोटाचे काय? हा प्रश्न मी आण्णांनाच विचारला. ते हसले. वायसरसाठी येणाऱ्या बोलावण्यावर त्यांचे घर कधी चालले नव्हते. उलट अशा बोलावण्यांनी भिंतीतल्या पाईपाचे, टाकीचे खरे काम अडते. शिवाय मला असे वाटते की, ज्याने एकदा स्वतःच्या हाताने नळ उघडला आहे, तो कारागिराशी घासाघीस करताना दोनदा विचार करील. ‘काय, दोन मिनिटांचे तर काम!’ असे म्हणणारी माणसे बहुधा ती असतात, ज्यांनी ती दोन मिनिटे कधी काढलेली नसतात.

मग अडते कोठे? काम अवघड नाही, खर्च नगण्य आहे, फोनवर हवे तेवढे दाखवणारे आहेत. अडते ते आपल्या मनातल्या उतरंडीपाशी. आपल्या समाजाने बारा बलुतेदार मानले, त्यांच्या हातावर सारे गाव चालवले आणि त्या हातांना मात्र खालची पायरी दिली. काम जन्माने ठरले, आणि कामाबरोबर माणसाची किंमतही ठरली. शिकणे म्हणजे हाताला काळे लागणार नाही अशा जागी जाऊन बसणे, अशी शिक्षणाची व्याख्या आपण नकळत करून ठेवली आहे. गाडगेबाबा स्वतः गाव झाडून मग कीर्तनाला उभे राहत. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रुजवले. १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली. या साऱ्यांवर आपण दहा-दहा गुणांची उत्तरे लिहितो. ‘श्रमप्रतिष्ठा’ हा शब्द आपल्याला अचूक लिहिता येतो. पण मोरीवरचा नळ गळतच राहतो!

आणि मैत्रिणींनो, आपल्यासाठी यात आणखी एक मेख आहे. पाणी भरणे हे बाईचे काम, आणि नळ दुरुस्त करणे हे पुरुषाचे. हंडा डोक्यावर घेऊन मैल मैल चालताना आपली ताकद कोणी काढत नाही, परंतु वीतभर पाना हाती घेतला की ‘तुला जमेल का?’ असे विचारले जाते. हे कोणी आणि कधी ठरवले? नळ उघडण्यात ताकदीचे काम फार थोडे, धीराचेच अधिक आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ही योजना सुरू झाली. तिच्या शिबिरात आपण झाडे लावतो, रस्ता झाडतो, पथनाट्य करतो. त्यात एक दिवस नळांसाठी ठेवावा. गावातल्या एखाद्या जाणत्या नळ-कारागिराला सन्मानाने बोलवावे, व्याख्यात्याला देतो तसे मानधन द्यावे, आणि त्यांनी शिकवावे, आपण शिकावे. आपल्या गुरुजनांनीही त्या दिवशी पुढच्या बाकावर बसण्याऐवजी बाह्या सारून आमच्याबरोबर बसावे. त्यानंतर महाविद्यालयातला, वसतिगृहातला आणि जवळच्या वस्तीतला एकेक नळ पाहून घ्यावा. निबंध स्पर्धा जरूर घ्यावी, पण ती नळ दुरुस्त झाल्यावर घ्यावी.

या जूनमध्ये तृतीय वर्षाचा अर्ज भरताना तोच रकाना पुन्हा समोर आला. यंदा मी त्यात ‘नळ-फिटर’ असे लिहिले. कोणी काही विचारले नाही. ज्या प्रश्नाला मी इतकी भ्याले, तो कोणाच्या मनातही नसावा.

आण्णांचा पाना अजून माझ्या खोलीत आहे. ज्या कोणाच्या खोलीत, घरी किंवा गल्लीत नळ गळत असेल त्याने तो अवश्य न्यावा. काम झाले की परत मात्र आणून द्यावा, कारण तो त्यांच्या कामाचा आहे.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला