कोकराचे जनुक आणि मेंढपाळाचा वाडा

श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर कृषिविज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात डिसेंबर २०२४ मध्ये एक कोकरू जन्मास आले. मे २०२५ मध्ये ही वार्ता देशास कळली. भारतातील ही पहिली जनुकसंपादित मेंढी होय. डॉ. रियाझ अहमद शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या मायोस्टॅटिन नामक जनुकात नेमका बदल घडवून आणला असून, त्यामुळे स्नायूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढते, असे विद्यापीठाने जाहीर केले आहे. हे यश अभिनंदनीय आहे, यात शंका नाही. परंतु बीड तालुक्यातील लिंबागणेशसारख्या गावच्या मेंढपाळाच्या पदरात त्यातून काय पडणार, हा प्रश्न विचारण्याची वेळही हीच आहे.

मायोस्टॅटिन हा स्नायूंच्या वाढीवर निसर्गाने घातलेला लगाम आहे. १९९७ मध्ये त्याचा शोध लागला. बेल्जियन ब्ल्यू या गोवंशात तो निसर्गतःच सैल झालेला आहे, हेही त्याच वर्षी उघडकीस आले. ही जनावरे मांसल खरी; परंतु वासरू इतके भरदार निपजते की गाईची सुटका पुष्कळदा शस्त्रक्रियेनेच करावी लागते. २०१५ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठ व चीनमधील यान्बियान विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी हेच जनुक निकामी करून डुकरे निर्माण केली. मांस वाढले, पण त्या बत्तीस पिलांपैकी आठ महिन्यांपर्यंत जगली ती अवघी तेरा. ही पिले क्लोनिंगने जन्मलेली असल्याने सारा दोष जनुकबदलावर ढकलणे न्यायाचे होणार नाही. तथापि लगाम सोडला की घोडा कोठे थांबेल हे आधी पाहिले पाहिजे, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

आता बालाघाटच्या माळाकडे वळू. पाऊस बेभरवशाचा आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी गावेच्या गावे रिकामी होतात, असा हा जिल्हा. येथे शेळीमेंढी म्हणजे कुटुंबाची चालतीबोलती पुंजी. दख्खनी मेंढीची लोकर भरड. तिला आज भाव नाही. घोंगडीचा व्यवसाय मंदावल्यापासून मेंढपाळाचे उत्पन्न मुख्यत्वे कोकरांच्या विक्रीवरच येऊन ठेपले आहे. तेव्हा प्रत्येक कोकरामागे मांस वाढणार असेल तर ते त्यास नको कसे होईल? परंतु स्नायू काही हवेतून निर्माण होत नाहीत. ते चाऱ्यातून होतात. गायराने आक्रसत चालली, उन्हाळ्यात माळ करपून जातो आणि मेंढी कोसच्या कोस चालून पोट भरते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पोषणाची तरतूद न करता केवळ वाढीची क्षमता दिली, तर अडलेली मेंढी आणि मेलेले कोकरू हेच मेंढपाळाच्या वाट्यास यावयाचे. रानावनात मुक्काम असताना त्याने शस्त्रक्रियेसाठी पशुवैद्य कोठून आणावा?

विज्ञानाकडे पाठ फिरवावी असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. मार्ग कोणता, हे याच महाराष्ट्राने दाखविले आहे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील चिमुकल्या गारोळ मेंढीत आढळणारे, जुळ्यांना कारण होणारे जनुक दख्खनी मेंढीत उतरविले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे व ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांचे तिला साहाय्य होते. हा बदल प्रयोगशाळेत संपादन करून नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या संकरातून आणि रक्ताच्या तपासणीतून साधला. महत्त्वाची गोष्ट ही की, या मेंढ्या संस्थेच्या गोठ्यातच राहिल्या नाहीत. त्या मेंढपाळांच्या वाड्यांत गेल्या. आईच्या दुधावर दोन कोकरे जगतात की नाही, कोणता खुराक लागतो, हे तेथे पाहिले गेले. ‘नारी सुवर्णा’चे खरे मोल या सावधपणात आहे.

म्हणून शासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने परकीय जनुक नसलेल्या संपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमांतील काही बंधनांतून सूट दिली. ती सूट वनस्पतींपुरती आहे. जनावरांसाठी स्वतंत्र आणि सुस्पष्ट नियम करावेत. आणि त्यांत मादीचे बाळंतपण व पिलांची जगण्याची टक्केवारी यांची तपासणी सक्तीची असावी. दुसरे असे की, सार्वजनिक पैशातून निर्माण झालेला वंश सार्वजनिकच राहावा. बियाण्याप्रमाणे एडक्यासाठीही दरवर्षी परक्याच्या दारी जाण्याची पाळी मेंढपाळावर येऊ नये. तिसरे, कोणताही नवा वंश काश्मीरच्या हिरव्या कुरणावर नव्हे, तर मराठवाड्याच्या वैशाखात पारखून घ्यावा.

आणि या सर्वांहून आधी चराऊ राने राखावीत, लस वेळेवर पोहोचवावी. आज आहे त्या मेंढीचे कोकरू आजाराने व उपासमारीने दगावू नये, एवढे साधले तरी मेंढपाळाचे उत्पन्न वाढेल. त्यासाठी एकाही जनुकास हात लावावा लागणार नाही. तो पाया घातल्यावर जनुकशास्त्राने खुशाल त्यावर इमारत उभारावी. पाया नसताना उभारलेल्या इमारतीखाली प्रथम कोण सापडतो, हे सांगणे न लगे.