‘कोणती केस लागली?’

एमबीबीएसच्या अंतिम वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा देऊन विद्यार्थी वॉर्डाबाहेर आला की मित्रांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणती केस लागली?’ पेपर कसा गेला विचारतात. केस मात्र ‘लागते’, लॉटरीसारखी. परीक्षेचे दुखणे या एका शब्दात आले.

‘लाँग केस’मध्ये विद्यार्थ्याला एक रुग्ण दिला जातो. त्याची विचारपूस करायची, तपासणी करायची आणि निदान परीक्षकांपुढे मांडायचे. एखाद्याच्या वाट्याला दरवर्षी परीक्षेला येणारा अनुभवी रुग्ण येतो. ‘व्हॉल्व्ह खराब आहे’ हे तोच सांगून टाकतो. दुसऱ्याला धाप लागलेले, धड बोलू न शकणारे आजोबा मिळतात. त्यात एक परीक्षक कडक, दुसरा सढळ. आणि रुग्णाला तपासताना विद्यार्थ्याचा हात कुठे पडतो, हे अनेकदा कोणी पाहतच नाही. गुण मिळतात ते मांडणीला.

ही शंका जुनीच आहे. अमेरिकेत डॉक्टरांच्या परवाना परीक्षेत रुग्णाच्या खाटेजवळ तोंडी परीक्षा होत असे. एकाच उमेदवाराला दोन परीक्षकांनी दिलेले गुण फारसे जुळत नाहीत, असे आढळल्यावर 1960 च्या दशकात ती बंद झाली. 1975 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी ‘ऑस्की’ ही पद्धत मांडली. तीत विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो. प्रत्येक ठिकाणी वेगळे काम, वेगळा परीक्षक आणि सर्वांसाठी तीच गुणपत्रिका.

या पद्धतीचे यश गुणपत्रिकेत आहे, असा समज पसरला. खरे कारण वेगळे आहे. हृदयाचा रुग्ण उत्तम तपासणारा विद्यार्थी पोटदुखीच्या रुग्णापुढे अडखळू शकतो. त्यामुळे एका रुग्णावरून त्याचे कौशल्य कळत नाही. अनेक रुग्ण आणि अनेक परीक्षक लागतात. रुग्णांची संख्या आणि परीक्षेचा वेळ वाढवला, तर जुनी लाँग केसही बरीच विश्वासार्ह होते, असे अभ्यास सांगतात. उलट चारच टेबलांची ऑस्की ही नव्या वेष्टनातली जुनीच लॉटरी. शिवाय ‘हात धुतले, नाव विचारले’ अशा खुणा जमवणारा विद्यार्थी समोरचा माणूस विसरतो, हा धोका वेगळाच.

म्हणून सगळा भार एका दिवसावर टाकणे थांबायला हवे. अमेरिकेत जॉन नॉर्सिनी व सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मांडलेली ‘मिनी-सीईएक्स’ पद्धत सोपी आहे. शिक्षकाने प्रशिक्षणार्थीला खऱ्या रुग्णाला तपासताना पंधरा-वीस मिनिटे पाहायचे, गुण द्यायचे आणि काय चुकले ते तिथेच सांगायचे. वर्षभरात असे प्रसंग वेगवेगळ्या शिक्षकांसमोर अनेकदा घडले, की नशिबाचा वाटा आपोआप घटतो.

भारतात 2019 पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. कौशल्यांच्या नोंदींसाठी लॉगबुक आले. मात्र सत्र संपताना एकदम घेतलेल्या सह्या म्हणजे मूल्यमापन नव्हे. ओपीडीतील गर्दी, विद्यार्थ्यांची संख्या आणि शिक्षकांची कमतरता या अडचणी खऱ्याच आहेत. पण राउंड तर रोजच होतो. त्यात रोज एका विद्यार्थ्याकडे नीट पाहिले, तरी वर्षाअखेरीस हाती पुष्कळ पुरावा असेल. महाविद्यालयांनी शिक्षकांच्या कामात या वेळेची रीतसर गणना करावी आणि विद्यापीठांनी त्या नोंदींना अंतिम निकालात वजन द्यावे.

चुकून नापास झालेला विद्यार्थी काही महिने गमावतो आणि पुन्हा परीक्षेला बसतो. चुकून पास झालेल्याची किंमत मात्र रुग्ण मोजतो, आणि त्याला फेरपरीक्षा नसते.