शिव्या कोचला, सही मालकाची

२९ मार्च २०२५, शनिवार. मी फ्लाइंग राणीने सुरतेला घरी चालले होते आणि मोबाइलवर बंगळुरू विरुद्ध मुंबई सिटी मॅच लावली होती. आयएसएलची बाद फेरी, हरलो की सीझन संपला. डहाणूच्या पुढे नेटवर्क जायचं, चित्र अडकायचं, आणि परत यायचं तेव्हा आपण आणखी गाळात गेलेलो असायचो. शेवटी ५-०. माझं तोंड बघून शेजारच्या काकांनी विचारलं, "शुं थयुं, बेन?" म्हटलं, मॅच हरलो. ते चकित झाले. "अरे, पण गुजरात तो सारुं रमे छे!" त्याच संध्याकाळी अहमदाबादला गुजरात टायटन्स आणि मुंबई इंडियन्सची मॅच होती. काकांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या सुरतेत मॅच म्हणजे क्रिकेटची.

मी पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. वसईचा माझा चुलतभाऊ आणि त्याचे मित्र यांचा आमचा एक ग्रुप आहे. तिथे कोच पीटर क्रॅटकीचा उद्धार चालला होता. त्याला काही कळत नाही, त्याला आजच्या आज विमानात बसवा, वगैरे. मीही तीन मेसेज टाकले. त्यातले दोन इथे छापता येणार नाहीत.

आता गंमत बघा. त्याच क्रॅटकीच्या टीमने जेमतेम अकरा महिन्यांपूर्वी, ४ मे २०२४ ला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानला ३-१ ने हरवून कप आणला होता. तेव्हा आम्ही त्याला डोक्यावर घेतलं होतं. मग अकरा महिन्यांत माणूस एवढा बिनडोक झाला कसा?

घरी पोचल्यावर, राग जरा निवल्यावर, मी शांतपणे दोन टीमच्या याद्या बघितल्या. कप जिंकला तेव्हाचा आपला कर्णधार राहुल भेके, मुंबईचाच मुलगा, आता बंगळुरूकडे होता. पुढे गोल मारणारा परेरा डियाझ बंगळुरूकडे. मधली फळी खेळवणारा नोगेरा, तोही बंगळुरूकडे. अपुइया मोहन बागानकडे. एका उन्हाळ्यात टीमचा कणा गेला होता. खेळाडूंच्या पगाराचं बजेट किती, कुणाचा करार वाढवायचा, कुणाला जाऊ द्यायचं, हे निर्णय कोच एकटा घेत नाही. ते वर ठरतात. कोचच्या हातात उरलेली माणसं येतात आणि त्याने त्यांच्यासह मैदानात उभं राहायचं. हरल्यावर कॅमेऱ्यापुढे बसायचं, तेही त्यानेच.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपण कोचला शिव्या देतो कारण तो दिसतो. मालक दिसत नाही. जिंकल्यावर फोटोत दिसतो तेवढाच. सही मात्र त्याची असते. आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये चाहत्याचा खरा प्रश्न कोण कोच असावा हा नाहीच. मालकाने उद्या काय करावं याबद्दल चाहत्याला विचारण्याची एकही रीत आपल्याकडे नाही, हा आहे.

मुंबई सिटीचंच बघू. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, क्लबची ६५ टक्के मालकी घेतली. रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे उरलेली राहिली. पुढची वर्षं सोन्याची होती, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. २०२०-२१ ला लीग शिल्ड आणि कप दोन्ही, २०२२-२३ ला पुन्हा शिल्ड, २०२४ ला पुन्हा कप. २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब आपला. आणि मग २०२५ च्या नाताळाच्या आठवड्यात बातमी आली, की सिटी ग्रुप आपला हिस्सा सोडून चालला. कारण दिलं होतं लीगच्या भवितव्याबद्दलची अनिश्चितता. मी तेव्हा सुट्टीसाठी सुरतेला घरीच होते. आई डब्यातून करंज्या काढत होती आणि मी फोनवर ती बातमी तीनतीनदा वाचत होते.

कारण खोटं नव्हतं. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपला, नव्या टेंडरला कुणी बोली लावली नाही. सीझन कधी सुरू होणार हे खेळाडूंनाही माहीत नव्हतं. जानेवारीत सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू यांच्यासारख्यांना फिफाला साकडं घालावं लागलं. फेब्रुवारीत लीग सुरू झाली ती अर्धीमुर्धी, प्रत्येकाशी एकेकच मॅच. अशा धंद्यात परदेशी कंपनी पैसे का घालेल? घालणार नाही. मला राग त्यांच्या जाण्याचा आला नाही. राग याचा आला, की आमच्याबद्दलचा एवढा मोठा निर्णय आम्हाला शेजारच्या घरातल्या भांडणासारखा बाहेरून कळला.

पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, मोठ्या कंपन्यांचं असंच असतं." आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

पप्पांचं हे थंड राहणं मला आधी खटकायचं. ते वसईचे. चर्चच्या मैदानावर पावसाळ्यात गुडघाभर चिखलात फुटबॉल खेळून वाढलेले. मुंबईत नोकरीला होते तेव्हा ऑफिस सुटलं की कूपरेजला महिंद्रा युनायटेडची मॅच बघायला जायचे. महिंद्राची टीम १९६२ पासूनची. २००५-०६ ला डेरिक परेरा कोच असताना ती राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या क्लबने ती लीग जिंकण्याची पहिलीच वेळ. आणि २०१० चा सीझन संपल्यावर कंपनीने टीम बंद केली. तोटा झाला म्हणून दिवाळं निघालं, असं काही नाही. मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष द्यायचं ठरवलं आणि सीनियर टीम बंद. निर्णय कायदेशीर होता, सभ्यपणे जाहीर झाला होता. पप्पांनी कुणाला दोष दिला नाही. फक्त त्यानंतर त्यांनी कुठलाच क्लब धरला नाही. आम्ही सुरतेला आलो, त्यांनी हजिऱ्याच्या शिफ्ट धरल्या. मी मुंबई सिटीची जर्सी घातली तेव्हा एवढंच म्हणाले, "छान आहे. पण फार जीव लावू नकोस."

इंग्लंडमधल्या चाहत्याला वाईट मालकाची भीती असते. आपल्याला मालक निघून जाण्याची. मालक गेला की कोच जातो, खेळाडू जातात, नाव जातं आणि शेवटी क्लबच जातो.

पुण्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. एफसी पुणे सिटी, बालेवाडी, केशरी कपड्यातली ऑरेंज आर्मी. २०१७-१८ ला सेमीफायनलपर्यंत गेलेली टीम. मालक आर्थिक अडचणीत आले, २०१९ ला क्लब संपला आणि लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीने २०२२ ला कप जिंकला. मग तिथेही पैशांची बोंब झाली, खेळाडूंचे पगार थकले, नवे मालक आले आणि २०२५ मध्ये ती जागा दिल्लीला गेली, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने. पुणे, हैदराबाद, दिल्ली. जणू ट्रेनमधली रिझर्व्ह सीट आहे, एक उतरला की दुसरा बसला. पण तिन्ही गावांत ढोल घेऊन येणारी पोरं वेगवेगळी होती. त्यांच्या ढोलाचं काय झालं?

गोव्यात तर अख्खी परंपरा मागे सरली. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंगने, आणि पाठोपाठ पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या धेंपोनेही, आय-लीगमधून अंग काढून घेतलं.

यावर नेहमी एक उत्तर येतं, आणि ते वजनदार आहे. मालक दरवर्षी कोट्यवधी रुपये घालतो, भारतीय फुटबॉलमध्ये कुणी नफा कमवत नाही. तुम्ही दोनशे-तीनशे रुपयांचं तिकीट काढता, आणि तुम्हाला बोर्डावर जागा हवी? चुलतभावाच्या एका मित्राने मला अगदी याच शब्दांत सुनावलं. मी दोन दिवस विचार केला. त्याचं म्हणणं पैशांच्या बाबतीत खरं आहे. पण मालक विकत काय घेतो? अकरा खेळाडू घ्यायचे तर त्याला क्लबच कशाला हवा? तो घेतो शहराचं नाव, रंग, स्टँडमधला आवाज, दर आठवड्याला परत येणारी माणसं. जर्सीवरच्या जाहिरातीची किंमत त्यावरून ठरते. म्हणजे धंद्याच्या भांडवलातला एक हिस्सा आमचा आहेच, फक्त तो कागदावर नाही.

बाहेर काही ठिकाणी तो कागदावर आहे. जर्मनीत दोन-चार अपवाद सोडले तर क्लबच्या मतांमध्ये बहुमत सभासदांचं असावं असा नियमच आहे. २०२४ च्या सुरुवातीला तिथल्या लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं, तेव्हा चाहत्यांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. फेब्रुवारीत लीगने तो बेत गुंडाळला. लंडनच्या विम्बल्डनचा क्लब मालकांनी दूर मिल्टन कीन्सला हलवायचं ठरवलं, तेव्हा २००२ मध्ये चाहत्यांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला. पार खालच्या लीगपासून सुरुवात करून नऊ वर्षांत तो इंग्लंडच्या पहिल्या चार श्रेणींमध्ये आला.

तुम्ही म्हणाल, ते तिकडचं. मग आपल्याकडचं घ्या. १८८९ च्या मोहन बागानचं २०२० मध्ये नव्या मालकाने 'एटीके मोहन बागान' केलं. चाहत्यांनी तीन वर्षं 'रिमूव्ह एटीके'चा घोषा सोडला नाही. १८ मार्च २०२३ ला गोव्यात फातोर्ड्याला त्यांनी कप जिंकला आणि त्याच रात्री मालकांनी एटीके काढत असल्याचं जाहीर केलं. त्या जागी 'सुपर जायंट' लागलं, हे वेगळं. मालकाचा शिक्का पुसला गेला नाही, नुसता सरकला. पण चिकाटीने विचारत राहिलं तर मालकालाही उत्तर द्यावं लागतं, एवढं त्यातून सिद्ध झालं.

आणि सभासदांची मालकी ही कल्पना आपल्याला परकी का वाटावी? सुरतेत सकाळी दारात जी दुधाची पिशवी येते ती सुमुलची. सुमुल कुणा एका शेठची नाही, जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांची आहे. महाराष्ट्रात साखर कारखाने, पतपेढ्या, हाउसिंग सोसायट्या सगळं सहकारावर. त्यात राजकारण होतं, भानगडी होतात, सगळं मान्य. पण वर्षातून एकदा सभा भरते आणि साध्या धोतरातला माणूस उभा राहून अध्यक्षाला "हिशेब द्या" म्हणू शकतो. फुटबॉलच्या चाहत्याला तेवढीही मुभा नाही.

मी लगेच उद्या क्लब विकत घ्या म्हणत नाही. आपल्या क्लबांना दरवर्षी लायसन्स घ्यावं लागतं. त्यात मैदान, हिशेब, ज्युनियर टीम असं बरंच तपासलं जातं. त्यातच तीन अटी घाला. क्लबचं नाव, रंग आणि शहर सभासद चाहत्यांच्या मताशिवाय बदलायचं नाही. वर्षातून दोनदा मालकाच्या प्रतिनिधीने चाहत्यांसमोर बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची. आणि क्लब विकायचा किंवा बंद करायचा असेल तर एक पूर्ण सीझन आधी सांगायचं. यात मालकाचा एक रुपया जास्त जात नाही.

पण अटी आपोआप येत नाहीत, त्या मागणारी संस्था लागते. इथे चूक आमचीही आहे. वेस्ट कोस्ट ब्रिगेडसारखे चाहते स्टँडमध्ये नव्वद मिनिटं घसा फोडतात, मी मोबाइलवर टायपून बोटं झिजवते. पण रजिस्टर केलेली, सभासदांची यादी आणि वर्गणी असलेली, पत्र लिहिलं तर पोच मागणारी अशी चाहत्यांची संस्था काढायला आमच्यातला कोण बसलाय? शिवी द्यायला तीन सेकंद लागतात. घटना लिहायला रविवार घालवावा लागतो.

म्हणून गेल्या महिन्यात ग्रुपवर मी पहिल्यांदाच कोचबद्दल न लिहिता एक कच्चा मसुदा टाकला. अर्ध्या पानाचा. दोघांनी हसण्याचे इमोजी टाकले, चौघांनी वाचला, चुलतभाऊ म्हणाला, "बोल, वसईला कधी येतेस? बसूया." सुरतेला आले तेव्हा त्याचं प्रिंट टेबलावर राहिलं होतं. पप्पांनी चष्मा लावून ते वाचलं आणि पेनाने एके ठिकाणी दुरुस्ती केली. 'क्लब बंद करण्यापूर्वी एक सीझन आधी' असं मी लिहिलं होतं. त्यांनी 'एक' खोडून 'दोन' केलं.