वालाला हवी सोबत

पनवेलीस पाऊस थोडा पडतो असे कोणीही म्हणणार नाही. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी येथे चार महिन्यांत कोसळते. तथापि दिवाळी सरली की याच तालुक्यातील शेते कोरडी पडू लागतात, आणि पुढच्या मृगापर्यंत पावसाचा भरवसा नसतो. ज्याच्या शेतास विहिरीची वा कालव्याची सोय नाही, त्याने भात कापल्यावर करावे काय? येथील जुन्या शेतकऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर कधीच शोधून ठेवले आहे. ते उत्तर म्हणजे कडवा वाल.

भाताची कापणी होताच, खाचरात ओल आहे तोवरच, वाल पेरावयाचा. पुढे त्याला कोणी पाणी देत नाही. त्याचे मूळ खोल जाऊन जमिनीत उरलेली ओल शोधते. दिवस लहान झाले की फुलोरा धरावयाचा, हा जुन्या वाणांचा स्वभाव. त्यामुळे ऊन तापण्यापूर्वीच शेंगा भरतात. शिवाय मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात, आणि मुळे व पाला शेतात कुजला की त्याचा काही अंश मागून येणाऱ्या भातासही लाभतो.

अडचण असते ती वेळेची. गरवे भात शेतात रेंगाळले, तर वालाच्या वाट्याची ओल उडून जाते. म्हणून वालाच्या सुधारणेचे अर्धे काम भाताच्या सुधारणेत आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने वाल व कुळीथ यांच्या सुधारित जाती तर दिल्याच. परंतु त्याच्याच कर्जत येथील केंद्रातून निघालेल्या हळव्या भातजातींनीही वालावर उपकारच केले आहेत.

इतके असूनही एक गोष्ट नव्या बियाण्याने साधत नाही. भात कापल्यावर गुरे मोकळी सोडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. साऱ्या शिवारात वाल असतो, तेव्हा सारा गाव आपापली गुरे आवरतो. एकट्यानेच पेरला, तर त्याची राखण करावी कोणी? ऑस्ट्रेलियात हेच पीक मुद्दाम चाऱ्यासाठी पेरतात, यावरून गुरांना ते किती प्रिय असेल हे ध्यानी यावे! १९७० साली सिडको स्थापन झाल्यापासून पनवेलच्या आसपासची कित्येक शेते भूखंड झाली. २०२५ च्या डिसेंबरात येथून विमानेही उडू लागली. त्या प्रगतीचा विषाद मानण्याचे कारण नाही. परंतु मध्येच उरलेल्या एखाद्या शेतकऱ्याचा शेजार गेला, आणि शेजाराबरोबर वालही जाऊ लागला, हे विसरता कामा नये. पाण्यावाचून पिकणारे हे पीक सोबतीवाचून मात्र पिकत नाही.

स्वयंपाकघरातही त्याचे तसेच आहे. वाल रात्रभर भिजवावेत, फडक्यात बांधून मोड आणावेत, कोमट पाण्यात टाकून सोलावेत, तेव्हा कोठे डाळिंब्यांची उसळ होते. कच्च्या वालात अपायकारक द्रव्ये असतात. भिजवण्याचे पाणी टाकून देणे आणि दाणे पुरते शिजवणे, ही आजीबाईंची रीत शास्त्रशुद्धच होय. सोलण्याचे काम मात्र एकटीने करू जाता जीव मेटाकुटीस येतो. सासू, सुना, जावा आणि मुले ताटाभोवती बसली, म्हणजे गप्पांच्या ओघात शेरभर वाल केव्हा सोलून होतात ते कळतही नाही.

तेव्हा वाचकभगिनींनो, यंदा वर्षाची बेगमी करताना वाण्याकडून येतील ते वाल मुकाट्याने भरू नका. पनवेल-पेणकडचा गावठी कडवा वाल नाव घेऊन मागा. शक्य तर पेरणीपूर्वीच दोन-चार घरे मिळून एखाद्या शेतकऱ्यास आपली मागणी सांगून ठेवा. गिऱ्हाईक ठरलेले असले, म्हणजे एकाचे पाहून दुसराही पेरील, आणि दोघे मिळून गुरे राखतील. गेलेला शेजार आपणांस परत आणता येणार नाही. परंतु उरलेल्या शेतकऱ्यास आपली सोबत देणे खचितच आपल्या हाती आहे.