अनुभवाचे मोल आणि पगारपत्रक

ओमतीच्या ज्या जिल्हा रुग्णालयास कागदोपत्री सेठ गोविंददासांचे नाव असूनही जबलपूरकर अद्याप व्हिक्टोरियाच म्हणतात, त्यासारख्या मध्य प्रदेशातील जिल्हा रुग्णालयांत सरकारने मनोरुग्णांसाठी ‘मनकक्ष’ उघडले, हे स्तुत्यच होय. परंतु अशा कक्षाच्या दाराशी घुटमळणाऱ्या रुग्णास धीर देऊन आत नेण्याचे काम, जो स्वतः त्या व्याधीतून सावरला आहे, त्याच्याइतके कोणास साधणार? अशा समदुःखी सहायकास नियमित पद व रास्त वेतन देण्याची रीत मात्र आपल्या आरोग्यखात्यात रुजलेली नाही.

गोळ्यांनी हात कापू लागले, तोंडाला कोरड पडली, की रुग्ण घरच्यांस न सांगता औषध सोडतो आणि डॉक्टरांसमोर मूग गिळून बसतो. ‘मलाही असेच होत असे; गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घेऊ,’ हे शब्द भुक्तभोग्याच्या तोंडून आले म्हणजेच त्यास पटतात.

अनुभवाचे हे मोल कायद्यास अगदीच अमान्य आहे असे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पुनर्विलोकन मंडळांत जिल्हा न्यायाधीशांच्या पंक्तीस रुग्ण, शुश्रूषक वा त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी यांस दोन जागा दिल्या. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने परिशिष्टात मानसिक आरोग्य सहायकांची नोंदही केली. तथापि त्याच कायद्यात संलग्न व्यावसायिकास किमान दोन हजार तासांची पदविका वा पदवी आवश्यक असल्यामुळे, आजाराशी वर्षानुवर्षे झुंजून मिळविलेले ज्ञान त्या हिशेबात जमेस धरले जात नाही.

असे काम निरपेक्ष सेवाभावानेच व्हावे, पगार आला की जिव्हाळा आटतो, असा एक आक्षेप आहे. परंतु पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी स्थापिलेल्या मुक्तांगणात व्यसनमुक्त झालेली माणसे कर्मचारी म्हणून रुग्णांस सावरीत आली आहेत; अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने तर अशा सेवेचा मोबदला सरकारी आरोग्यनिधीतून देण्याची वाट केव्हाच पाडली. उलट, २००५ पासून आशा कार्यकर्त्यांस स्वयंसेविका ठरवून मोबदल्यासाठी वारंवार रस्त्यावर यावयास लावणारी व्यवस्था आपल्या डोळ्यांदेखत आहे. तिचीच पुनरावृत्ती येथे नको.

सहायकाचा आजार उलटला तर काय, ही शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर त्याला कामावरून दूर ठेवणे हे नसून पगारी आजारपणाची रजा आणि अनुभवी वरिष्ठाची देखरेख हे आहे. म्हणून राज्य सरकारने प्रत्येक मनकक्षासाठी अशी पदे मंजूर करावीत, अनुभवास पात्रतेत स्थान देणारे अल्पमुदतीचे प्रमाणित प्रशिक्षण आखावे आणि बढतीची वाट मोकळी ठेवावी. तोवर या माणसांचा गौरव करणारी भाषणे झाली नाहीत तरी चालेल. अंदाजपत्रकात त्यांच्या वेतनाची तरतूद झाली पाहिजे.