दूरचें बर्फ आणि दारचा गड्डा

जपानांत साप्पोरो नगरीं १९५० सालीं शाळकरी मुलांनीं सहा हिममूर्ति उभारिल्या. त्यांतूनच तेथील विख्यात हिमोत्सव निघाला. जवळच्या जोझान्केइ गांवीं ऊन पाण्याच्या झऱ्यांत न्हाऊन तो पाहावा, अशी हौस आमच्या घरींही उपजली. इतक्यांत संक्रांत आली, आणि सोलापुरांत सिद्धेश्वराच्या तळ्याकांठीं सात नंदीध्वज निघाले. योगदंडाशीं कुंभारकन्येचा प्रतीकरूप विवाह लागतांना अक्षता टाकावयास नाना जातींचे हात उंचावले. इतकीं वर्षें येथें राहून आम्ही मात्र ‘तो त्यांचा गड्डा’ म्हणून घरींच बसत होतों! दूरच्या बर्फाचें कौतुक अवश्य करावें. परंतु दारच्या उत्सवांत परकें राहण्याची थंडी अधिक बोंचते. वाचकहो, यंदा आम्हींही अक्षता टाकिल्या.